दगडफुलांची वाढ

"आज लग्नापासून सुरुवात करू," हेमलताबाई म्हणाल्या, तशी मागच्या सतरंजीवरची मुलं पुढं सरकली.

शनिवारची दुपार होती. आजऱ्याच्या वाचनालयातल्या मोठ्या खोलीत हेमलता शिंत्रे दर शनिवारी मुलांना विज्ञान शिकवायच्या. कॉलेजातून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. इथं हजेरी नव्हती, परीक्षा नव्हती. मुलं यायची, कारण बाई चिडायच्या नाहीत आणि एकच गोष्ट चारदा विचारली तर चार वेगळ्या तऱ्हांनी सांगायच्या.

"समजा, तुम्ही एका लग्नाला गेलात. पंगतीत एक अनोळखी माणूस बसलाय. काही दिवसांनी दुसऱ्या लग्नाला गेलात, तर तिथंही तोच. तिसऱ्या लग्नात पुन्हा तोच, तुमच्याच शेजारी, जिलेबी मागून घेतोय. काय समजायचं?"

"फुकटा आहे!" एक मुलगा ओरडला.

"असेल. आणखी काय?"

"आमच्या पाव्हण्यातला असणार," मान्या नावाची मुलगी म्हणाली. "ज्यांनी आम्हाला बोलावलं, त्यांनीच त्याला पण बोलावलंय."

"बरोब्बर! कुणी ओळख करून दिली नाही, तरी नातं कळलं." बाईंनी भिंतीवरचा पडदा सुरू केला. काळ्याशार पार्श्वभूमीवर असंख्य ठिपके उजळले. कुठं दाट पुंजके, कुठं विरळ धूळ. "यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक शोधनिबंध. कुणीतरी काहीतरी शोधलं आणि लिहून काढलं. लिहिताना शेवटी तो सांगतो, की मी आधी अमक्याचं वाचलं, तमक्याचा आधार घेतला. आता दोन निबंध एकमेकांना ओळखत नसतील, पण दोघांनी आधार त्याच जुन्या निबंधांचा घेतला असेल, तर?"

"सोयरे!"

"म्हणूनच या नकाशाचं नाव 'सोयरे'. असं नातं असलं, किंवा एकानं दुसऱ्याचाच आधार घेतला, की दोघांमध्ये धागा. धागा रबरासारखा जवळ ओढतो. नातं नसेल तर ठिपके एकमेकांना दूर ढकलतात. असं ओढत-ढकलत सगळे आपापल्या जागी बसतात. आणि ज्याचे धागे फार थोडे, त्याचा मजकूर यंत्र वाचतं, शब्दांवरून अर्थ लावतं आणि त्याला कुठंतरी बसवतं."

"बाई, तुमचा ठिपका कुठाय?"

हा प्रश्न दर वर्षी यायचा. बाईंनी बोटानं नकाशा सरकवला. शैवाकांचा, म्हणजे दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या त्या करड्या-हिरव्या जीवांचा पुंजका मागं पडला. प्रदूषणाचा मागं पडला. बऱ्याच दूर, हळदीतली भेसळ आणि मिरचीचा रंग यांच्या पलीकडं, एका काठाला त्यांनी बोट ठेवलं.

"हा."

"हे तर मसाल्याचं आहे!"

"हो. माझा निबंध मसाल्यात पडलाय. मी मराठीत लिहिला होता. नाव होतं 'सड्यावरील दगडफुलांची वाढ'. शैवाक म्हटलं तर तुम्हाला कळत नाही, पण दगडफूल तुमच्या आईच्या मसाल्याच्या डब्यात असतं, म्हणून मी दगडफूल लिहिलं. आता यंत्राच्या डोक्यात काय झालं असेल, सांगा बघू."

मुलं विचारात पडली. मान्याचा चेहरा एकदम फुलला. "सडा म्हणजे अंगणात घालतात तो! आणि वाढ म्हणजे जेवायला वाढ! बाई, तुम्ही दगडफुलाचा सडा घालून जेवायला वाढलं!"

खोलीत हसण्याचा कल्लोळ उठला. बाईही हसल्या. डोंगरावरच्या सपाट कातळाला सडा म्हणतात, हे इथल्या मुलांना कुणी सांगायला नको होतं. यंत्राला ते सांगायला कुणी नव्हतं.

*

नकाशा आला तेव्हा हेमलताबाईंना तो फार आवडला होता. पूर्वी एखाद्या विषयावर आधी काय काम झालंय हे शोधण्यात महिने जायचे. आता एका निबंधावर बोट ठेवलं की त्याचे सगळे भाऊबंद समोर यायचे. मग हळूहळू लोकांनी वाटेनं चालायचं सोडलं आणि ते नकाशाच बघत बसले. नोकरी देताना उमेदवाराचे ठिपके कुठल्या पुंजक्यात आहेत ते बघायचे. पैसे देतानाही तेच. पुढं यंत्रंच निबंध लिहायला लागली आणि ठिपक्यांचा पूर आला. प्रत्येक ठिपका उजळ ठेवायचा म्हणजे वीज लागणार. तेव्हा नकाशा चालवणाऱ्या मंडळानं नियम केला. ज्या निबंधाचा आधार ठरावीक मुदतीत दुसऱ्या कुणीही घेतला नाही, तो मार्चअखेर विझवायचा.

निबंध नष्ट व्हायचा नाही. कुठल्याशा साठवणीत तो पडून राहायचा. पण शोधणारा नकाशावरच शोधायचा, त्यामुळं तिथं न दिसणं आणि नसणं यांत काही फरक उरला नव्हता.

संक्रांतीनंतर बाईंच्या फोनवर सूचना आली. 'आपल्या निबंधास सोयरे आढळले नाहीत. मार्चअखेर तो विझवण्यात येईल.' खाली नमस्काराचं चिन्ह होतं.

जागा चुकल्याची तक्रार त्यांनी पूर्वीच केली होती. लेखकांच्या सांगण्यावरून ठिपके हलवले जात नाहीत, असं उत्तर आलं होतं. तेही बरोबरच होतं. तसं केलं असतं तर प्रत्येकानं आपला ठिपका चांगल्या वस्तीत हलवून घेतला असता.

धाकट्या बहिणीचा, कलावतीचा, इचलकरंजीहून फोन आला.

"अक्का, काय करतीस?"

"सोयरे शोधतेय."

"कुणाला गं?"

"मलाच."

"अगं बया! मी मागं लागले होते तेव्हा पोरगं बघायला पण तयार नव्हतीस. आता या वयात स्थळं बघतीस होय?"

बाईंनी हसत हसत सगळं सांगितलं. कलावतीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग विझू दे की. एवढं काय त्यात? तू तर धडधाकट आहेस न्हवं?"

"कला, मी तेवढंच केलंय गं."

कलावतीनं विचारलं, "जेवलीस का?"

तेवढंच केलंय, हे खरं होतं. दर हिवाळ्यात बाई सड्यावर जायच्या. ठरलेल्या दगडांवर पारदर्शक प्लॅस्टिक धरून दगडफुलांच्या कडा गिरवायच्या. एका वर्षात कड इतकी थोडी सरकते, की दोन रेघांच्या मध्ये सुईचं टोक कसंबसं मावावं. दगडफूल हा एक जीव नाही. बुरशी आणि शेवाळ असे दोघे मिळून तो होतो. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. त्याला मुळं नसतात. जे काही हवेत असेल तेच तो खातो-पितो, म्हणून हवा बिघडली की ते सर्वांत आधी दगडफुलाला कळतं. बाईंच्या दगडांवरच्या कडा वर्षानुवर्षं सरकत राहिल्या आणि मग थबकल्या. पण फक्त दगडांच्या पूर्वेकडच्या अंगाला. पश्चिमेकडचं अंग मजेत वाढत होतं. असं का, हे त्यांना कळलं नव्हतं. तो प्रश्न लिहूनच त्यांनी निबंध संपवला होता. कुणीतरी वाचेल आणि उत्तर सांगेल, असं तेव्हा वाटलं होतं.

*

विश्वंभर त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. पुण्यात शैवाकांचीच मोठी प्रयोगशाळा चालवायचा. बाईंनी फोन केला तेव्हा तो मनापासून आनंदला.

"मॅडम, एवढंच ना? एका ओळीचं काम आहे. माझा निबंध पुढच्या आठवड्यात जातोय. त्यात तुमचा संदर्भ टाकतो."

"कशासाठी आधार घेतलास माझा?"

"बसवू की प्रस्तावनेत कुठंतरी."

"वाचलास का?"

"यंत्रानं सारांश काढून दिला आत्ताच. खरं सांगू, मॅडम? तुम्ही पाककलेवरही काम केलंय हे मला माहीतच नव्हतं."

बाईंना इतकं हसू आलं, की त्यांना फोन बाजूला ठेवावा लागला. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "विश्वंभर, तू माझ्याबरोबर सड्यावर यायचास. वारा सुटला की प्लॅस्टिक उडायचं, तेव्हा तू त्याच्यावर पालथा पडून ते धरायचास."

पलीकडचा आवाज खाली आला. "ते... हे होय?"

"तेच हे."

"मॅडम, चुकलंच. पण आता पूर्ण निबंध कुणीच वाचत नाही हो. मी शेवटचा कधी वाचला, मलाच आठवत नाही. नकाशा बघायचा, सारांश घ्यायचा, पुढं जायचं. नाहीतर आपण मागं पडतो."

"न वाचता नको घालूस."

"ओळ तयार ठेवतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

फोन ठेवून बाई व्हरांड्यात आल्या. चहा ओतला आणि सवयीनं नकाशा उघडला. मसाल्याच्या वस्तीपासून जरा बाजूला त्यांचा ठिपका. त्याच्या अगदी जवळ आणखी एक. मधे धागा नाही. आजूबाजूला बराच अंधार, आणि हे दोघे, एकाच ओसरीवर बसून एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांसारखे. त्या शेजाऱ्याचं नाव शि. हिरेमठ. निबंध कन्नडमध्ये होता. नकाशा शीर्षक मराठीत करून दाखवायचा, 'मसाल्याच्या दगडफुलातील घट'. गोदामात माल वाळून वजनात घट येते, त्याबद्दल काही असावं, असं बाईंनी गृहीत धरलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या रोज सकाळी चहाच्या वेळी त्या ठिपक्याला विचारायच्या, "काय मसालेवाले, आहात का?" ठिपका उजळ असायचा. म्हणजे होते.

आज त्यांनी तेच विचारलं, आणि विश्वंभरला विचारलेला प्रश्न त्यांना आठवला. वाचलास का?

इतक्या वर्षांत त्यांनी हा शेजारी एकदाही उघडून बघितला नव्हता. मसाल्यात आपण चुकून पडलोय, बाकीचे तिथलेच आहेत, असं त्या धरून चालल्या होत्या.

बाईंची आई संकेश्वरची. घरात कन्नड बोललं जायचं आणि आजीनं अक्षरंही शिकवली होती. त्यांनी मराठी सारांश बंद करून मूळ पान उघडलं आणि एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. कल्लु म्हणजे दगड. हूवु म्हणजे फूल. वजनातली घट नव्हे, संख्येनं कमी होत जाणं. नाहीसं होणं.

चहा निवून गेला. निबंध मसाल्याचा नव्हता.

हिरेमठ दांडेलीच्या बाजूच्या जंगलात फिरत होते. त्यांनी झाडं ठरवली होती, सालींवरची दगडफुलं मोजली होती. पूर्वेकडच्या झाडांवरची आधी गेली. मग त्यांच्या पश्चिमेची. दगडफुलं घाटाच्या दिशेनं मागं हटत होती. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून वाहतो आणि खत घातलेल्या शेतांवरून उडणारा अमोनिया बरोबर आणतो, हे त्यांनी हवा तपासून दाखवलं होतं. अमोनियापुढं दगडफूल टिकत नाही.

बाईंच्या दगडांचं पूर्वेकडचं अंग का थबकलं होतं, त्याचं उत्तर हे होतं.

आणि हिरेमठांनीही निबंध एका प्रश्नावर संपवला होता. हा वारा वर घाटमाथ्याच्या सड्यांपर्यंत पोचतो का? तिकडच्या दगडफुलांकडं कुणी बघतंय का?

यंत्रानं जागा चुकवली होती. शेजार मात्र चुकवला नव्हता.

*

निबंधाच्या शेवटी फोन नंबर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तो लावला. मोडक्या कन्नडमध्ये त्यांनी हिरेमठ सर आहेत का, असं विचारलं.

"मराठीत बोला की," पलीकडून एका बाईचा आवाज आला. "बेळगावात राहतो आम्ही. मी त्यांची मुलगी, गिरिजा."

"सरांशी बोलायचं होतं. त्यांच्या दगडफुलांविषयी."

"अप्पा गेले की वो. दिवाळीच्या आधी."

हेमलताबाई खुर्चीत बसल्या. ज्याला कधी बघितलंही नाही अशा माणसाची बातमी ऐकून एवढं का लागावं, हे त्यांना कळेना.

"तुम्ही कोण म्हणायच्या?"

"मी हेमलता शिंत्रे. आजऱ्याची. त्या नकाशावर त्यांच्या शेजारी—"

"अय्यो! मसालेवाल्या बाई होय तुम्ही?"

"काय म्हणालात?"

गिरिजा हसत होती. "राग धरू नका हं. अप्पा म्हणायचे तसं. तुमच्या निबंधाचं नाव तिथं कन्नडमध्ये दिसायचं न्हवं, दगडफूल भुरभुरवून वाढायची रीत, असलं कायतरी. आई गेल्यावर ते एकटेच असायचे. सकाळी चहा घेऊन तो नकाशा उघडायचे आणि म्हणायचे, काय शेजारीणबाई, आज काय वाढणार? मी म्हणायचो, अप्पा, कुणाशी बोलायलाय? तर म्हणायचे, बाजूला एक मराठी बाई राहती. मसाल्याचं लिहिती. गप्प असती, पण दिवा लावून बसलेली असती."

बाईंनी पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं. "त्यांनी उघडून वाचलं कधी?"

"नाही की. म्हणायचे, एकदा वाचून बघायला पाहिजे, माझी आमटी तरी बरी होईल. राहूनच गेलं."

"माझंही राहिलं," हेमलताबाई म्हणाल्या. "मीही त्यांना मसालेवाले म्हणायचे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सडा, दगड, पूर्वेकडचं अंग. वर्गात सांगायच्या तसं, सावकाश. हिरेमठांचा शेवटचा प्रश्न वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "मी बघत होते, गिरिजा. मी बघतच होते तिकडच्या दगडफुलांकडं. माझ्या तिसऱ्या पानावर उत्तर आहे त्यांचं."

पलीकडं नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. कुणीतरी तो बंद केला.

"अप्पांना फार बरं वाटलं असतं," गिरिजा म्हणाली.

*

मार्च सुरू झाला होता. आता गोष्ट एका ठिपक्याची राहिली नव्हती. हिरेमठांचा निबंध बाईंच्यानंतर प्रसिद्ध झाला होता, त्यामुळं त्याची मुदत अजून एक वर्ष होती. दोघांचं काम एकत्र मांडणारा नवा निबंध बाईंनी लिहिला, की हिरेमठांचा ठिपका वाचणार होता. पण बाईंचा नाही. स्वतःच्याच कामाचा आधार घेतला तर ते नातं धरत नसत. दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा होता, आणि ज्यानं घेतला असता तो दिवाळीच्या आधी गेला होता.

बाईंनी पुन्हा विश्वंभरला फोन केला. दोन्ही निबंध एकमेकांचं उत्तर कसे आहेत ते सांगितलं. तो खरोखरच चकित झाला.

"मॅडम, हे फार मोठं आहे. पाठवा दोन्ही. वाचतो, नक्की वाचतो. मार्चनंतर जरा निवांत होतो आणि—"

"मार्चनंतर माझा दिसणार नाही रे."

"म्हणून तर म्हणतोय, आधी ओळ टाकू द्या! माझा निबंध अजून गेलेला नाही. आता तर कारणही आहे. हो म्हणा फक्त."

बाई हो म्हणणार होत्या. शब्द अगदी ओठावर आला होता. समोर नकाशा उघडा होता आणि त्यात ते दोन ठिपके शेजारी शेजारी होते.

"तुझ्या निबंधाचा विषय काय?" त्यांनी विचारलं.

"प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवाकांपासून रंग."

"त्याचा धागा मला लागला, तर माझा ठिपका कुठं जाईल?"

विश्वंभरनं क्षणभर विचार केला. "आमच्याकडं. रंगांच्या पुंजक्यात. चांगली जागा आहे, मॅडम, गजबजलेली."

"आणि हिरेमठ इथंच राहतील."

"ते... हो."

"उद्या कुणी धागा धरून माझ्यापर्यंत आला तर त्याला वाटेल, हिनं रंगांवर काहीतरी केलंय. आता मसाला वाटतो, तेव्हा रंग वाटेल. आणि शेजारी जो खरा आहे, तो दूर गेलेला असेल." त्या थांबल्या. "नको रे. वाचून, पटलं तर घाल. आत्ता वाचतोस? मी फोन चालू ठेवते."

"आत्ता मीटिंग आहे, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात न आलेल्या मुलाच्या रिकाम्या जागेकडं बघावं, तसं काहीतरी होतं.

मार्चअखेर दुपारी त्या व्हरांड्यात बसून होत्या. अमुक वाजता होईल असं काही सांगितलेलं नव्हतं. उठून त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं, परत आल्या, तेव्हा हिरेमठांचा ठिपका होता आणि त्याच्या शेजारी काहीच नव्हतं. त्यांनी नकाशा मोठा करून बघितला, लहान करून बघितला. आपलं नाव लिहून शोधलं. यंत्रानं विचारलं, 'तुम्हाला दुसरं काही शोधायचं आहे का?'

"मसालेवाले," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही दिवा लावून बसा."

*

नवा निबंध पुरा व्हायला अख्खा उन्हाळा गेला. गिरिजानं हिरेमठांच्या झाडांची छायाचित्रं पाठवली. कन्नड शब्द अडला की बाई तिला फोन करायच्या आणि शब्दावरून गोष्ट जेवणाखाणावर जायची. शैवाक लिहा, नाहीतर पुन्हा मसाल्यात पडेल, असं विश्वंभरनं कळवलं होतं. बाईंनी शीर्षकात दगडफूलच ठेवलं. हिरेमठांनी कल्लुहूवुच लिहिलं होतं.

निबंध प्रसिद्ध झाला आणि खरोखरच मसाल्याच्या काठावर जाऊन पडला, हिरेमठांच्या शेजारी. पण या वेळी मधे धागा होता. शिवाय नव्या निबंधानं हवेवरच्या, वाऱ्यांवरच्या, अमोनियावरच्या बऱ्याच कामांचा आधार घेतला होता. तेही धागे ताणले गेले. एकटा ठिपका शब्दाच्या ओढीनं कुठंही वाहत जातो. बांधलेल्या ठिपक्यांना तसं नेता येत नाही. दिवसेंदिवस ते दोघे जोडीनं हळदी-मिरच्यांपासून सरकत गेले, दगडफुलाची कड सरकते तितक्याच हळू, आणि एक दिवस जिथं असायला हवे होते तिथं पोचले.

त्या संध्याकाळी गिरिजाचा फोन आला. "बाई, अप्पांचा ठिपका हलला की वो! मसाल्यात न्हाई आता. आजूबाजूला केवढी मंडळी हाइत!"

"बघितलं मी."

"तुमचा नवा आहे त्यांच्याजवळ. पण तो जुना कुठं हाय? ज्याच्याशी अप्पा बोलायचे तो?"

"तो विझला, गिरिजा. जुन्या जागेवरच."

"म्हणजे आता कुणालाच दिसणार न्हाई?"

"माझ्याकडं छापलेली प्रत आहे. कपाटात."

गिरिजा म्हणाली, "वाचून दाखवा की."

"तुम्हाला? अहो, नुसते आकडे आहेत त्यात. कंटाळाल."

"मला काय कळणार न्हाई, ते खरं. मी काय त्याच्यावर लिहिणार पण न्हाई. पण अप्पांचं राहून गेलंय न्हवं ते. त्यांच्याऐवजी मी ऐकतो."

हेमलताबाई उठल्या. कपाट उघडलं, प्रत काढली, तिच्यावरची धूळ हातानंच पुसली. चष्मा लावून त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या. बाहेर उजेड अजून वाचण्याइतका होता. इतक्या वर्षांत हा निबंध त्यांनी कुणालाही मोठ्यानं वाचून दाखवला नव्हता. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली.

"'सड्यावरील दगडफुलांची वाढ.'"

"थांबा, थांबा," गिरिजा म्हणाली. "वाढ म्हणजे पानात वाढायची?"

"नाही. वाढ म्हणजे हळूहळू मोठं होणं."

"हां. आणि सडा? अंगणातला?"

"तोही नाही," बाईंनी प्रत मांडीवर ठेवली. "सांगते. तुम्हाला घाई नाही ना?"

"न्हाई की. सांगा."